वितळलेल्या मिठाची भट्टी

१४ सप्टेंबर १९९८

भट्टी आज नऊशे अंशांवर गेली आणि टिकली. मीठ वितळलं, पाण्यासारखं पातळ झालं आणि मुशीचा तळ स्वच्छ दिसायला लागला. प्रयोगवहीत मी एवढंच लिहिलं : ‘वितळ स्वच्छ.’ मग पेन हातात धरून बसून राहिले. पूर्वी असं काही झालं की प्रयोगशाळेतल्या सगळ्या जणी उठून यायच्या. कुणी चहा टाकायची, कुणी म्हणायची, “सरका गं, मला बघू द्या.” आज मी, भट्टी आणि भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळही बंद.

म्हणून ही दुसरी वही. हिच्यात भट्टीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्याच ओळीत तेच लिहून बसले.

१७ सप्टेंबर

निकेलची पट्टी वर काढली तेव्हा तिला नासपतीच्या आकाराचा काळपट गोळा चिकटला होता. निम्मं मीठ, निम्मा माल. गरम पाण्यात टाकला, मीठ विरघळून गेलं आणि तळाशी काळी भुकटी उरली. मूठभरच, पण कागदाच्या पुडीत घेतली तर पुडी हाताला ओढते. टंगस्टन कार्बाइड. दिसायला काजळी, जातीने चिनी मातीच्या नात्यातलं, आणि कठीण म्हणाल तर पोलाद कापणारं.

खाण चालू होती तेव्हा आम्ही डोंगर फोडून टंगस्टनची माती आगगाडीने लांब पाठवून द्यायचो आणि तिकडे तिची भुकटी व्हायची. मी तेव्हापासून म्हणत आलेय की भुकटी इथेच होऊ शकते. वितळलेल्या मिठातून वीज सोडली की टंगस्टन आणि कार्बन एकाच वेळी पट्टीवर येऊन बसतात आणि तिथेच एकमेकांना धरतात. तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता ऐकायला कुणी उरलं नाही, त्यामुळे अडवणारंही कुणी नाही. मातीची पोती कोपऱ्यात तशीच आहेत, भट्टी माझी, वीज अजून येते.

मुरादिन फाटकावर पहारा करतो. पूर्वी खाणीत वायरमन होता, त्यामुळे तारा-बिरा तोच जोडून देतो. आज डोकावून म्हणाला, “नुर्झानताई, एवढी मोठी चूल पेटवता, एकदा तरी तिच्यावर खायचं काही शिजवा.”

“शिजवलेलं खाल्लंस तर दात उरायचे नाहीत.”

“उरलेत कुठे?” म्हणाला आणि खरंच तोंड उघडून दाखवलं.

दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

२३ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरच्या तैसियाने खोल्या गरम करणाऱ्या पाइपवर चमचा वाजवला. म्हणजे माझा फोन. आमच्या जिन्यात फोन फक्त तिच्याकडे. पाइप गार पडलेत, पण आवाज अजून छान पोचवतात.

असियात होती, रोस्तोवहून.

“आई, लहान खोली अजून गरम राहते का गं?”

“कोण ठेवणार गरम? तिथे मी बरण्या आणि चाळण्या मांडल्यात. भुकटी वाळवायला ती खोली चांगली, वारा येत नाही.”

“पलंगावरसुद्धा?”

“पलंगावरच. सपाट जागा तेवढीच आहे.”

ती हसली. नाकातून बोलत होती, सर्दी झाली असणार. मागे केवढा गोंगाट. विचारलं तर म्हणाली, टपाल कचेरीतून बोलतेय, घरचा फोन बिघडलाय. जावई, तिमूर, कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाली.

मला कळतं हे सगळं कुठे चाललंय ते. खोली गार आहे, आई एकटी आहे, म्हणजे आईला उचलून रोस्तोवला न्यायची. मी आधीच सांगून टाकलं, “माझी काळजी करू नकोस. मला इथे कुणाची गरज नाही.”

“बरं,” म्हणाली.

तैसिया चहा गाळत होती. “काय म्हणाली?”

“खोली गरम आहे का विचारत होती.”

“आणि तू?”

“खरं ते सांगितलं.”

तैसियाने कप बशीत जरा जोरातच ठेवला. थंडी पडायला लागली की ती अशीच चिडखोर होते. आमचं घराणंच तसं, असं ती स्वतःच सांगते.

९ ऑक्टोबर

आज नाल्चिकहून हत्यारांच्या कारखान्यातला इंजिनिअर आला होता, हसानबी नावाचा. पन्नाशीचा, पुढच्या खिशात कंगवा, बोलायला गोड. त्याने भुकटी चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि वास घेतला. वास कशाला घेतला देव जाणे.

“नुर्झान इस्माइलोव्ना, ही फार बारीक आहे. आमच्याकडे येते तिच्यापेक्षा बारीक.”

“मग?”

“मग मला बरणीभर द्या. एकाच वाणाची, एकाच खेपेतली. अर्धी आज, अर्धी उद्या अशी नको. आम्ही तिची ड्रिलची टोकं करून बघू. टिकली तर बोलू.”

“काय बोलू?”

“ही इमारत गरम करण्याबद्दल बोलू,” म्हणाला. “चार-पाच माणसं परत कामावर घेण्याबद्दल.”

डिसेंबरच्या मध्यावर येतो म्हणाला.

तो गेल्यावर मी रिकाम्या टेबलांकडे बघितलं. इथे फातिमात बसायची, तिथे ल्युबा. खिडकीपाशी ल्युबाचा नुसता आरसा आहे. ल्युबा क्रास्नोदारला आहे, फातिमात कुठे आहे ठाऊक नाही. मनातल्या मनात मी दोघींना परत बोलावून घेतलं आणि त्यांना कामंसुद्धा वाटून दिली.

१६ ऑक्टोबर

परत चमचा वाजला.

“आई, आपल्या बालवाडीत अजून मुलं येतात का?”

काय एकेक प्रश्न! पोरगी बालवाडीची शिक्षिका व्हायला शिकली, तिला तेवढंच सुचतं. मी म्हटलं, “एक वर्ग उरलाय. त्यांना एक बाई पण जास्त होते. हे गाव आता माणसांचं राहिलं नाही असियात, इथे कुणी येऊ नये.”

“तू राहतेसच की.”

“माझं काम आहे.”

मग मी तिला हसानबीबद्दल सगळं सांगितलं, ड्रिलची टोकं, बरणी, बारीक दाणा. ती ऐकत होती. मध्येच लाइन तुटली, की तिचे पैसे संपले. शेवटचं काहीतरी म्हणत होती ते राहिलं.

२ नोव्हेंबर

असियात आली! न कळवता. काल दुपारच्या बसने. आज लिहायला वेळ मिळाला कारण ती बाजारात गेली आहे.

दोन दिवसांसाठी आलेय म्हणते, आणि बरोबर केवढी थोरली सुटकेस, दोन्ही हातांनी ओढत जिना चढली. मी लगेच ओळखलं. रिकामी असणार. माझं सामान भरून न्यायला आणली.

बारीक झालीय. “तिमूर जेवू घालत नाही की काय?” म्हटलं, तर म्हणाली, “मीच घालत होते त्याला.” जीभ माझ्यावर गेलीय.

लहान खोलीच्या दारात बराच वेळ उभी होती. पलंगभर कागद, कागदांवर भुकटी. मी म्हटलं, हात नको लावूस, शिंकू पण नकोस. मग तिचं अंथरूण स्वयंपाकघरातल्या बाकावर घातलं. तिथे तरी चुलीची ऊब असते.

३ नोव्हेंबर

आज तिला भट्टीवर नेलं. मुरादिनने तिला बघून टोपीच काढली. “अगं, तुझ्या हनुवटीला लागलेलं आयरानचं ताक मी पुसलंय,” म्हणाला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सोडायलाच तयार नाही. मुरादिनसारख्या माणसाशी एवढी माया! मला आल्यावर गालाला गाल लावला, तेवढंच. असो.

मुशीवरचं झाकण सरकवून दाखवलं. आत केशरी उजेड, मध्ये पट्टी, बाजूला प्लॅटिनमची तार, आणि तारेपाशी वायूचे बुडबुडे. ती वाकून बघत राहिली. चेहरा तापून लाल झाला तरी हटेना.

“आई, हे मीठ पुन्हा गार झालं तर?”

“तर थिजतं. आणि थिजताना मूस तडकते. म्हणून विझू द्यायची नाही. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत बसून राहायचं.”

“म्हणजे तू कधीच सुट्टी घेत नाहीस.”

“कुणाला सोपवू?”

दुपारी तिने हिचिनची पोळी केली, बटाटा आणि चीज भरून. तिघांनी भट्टीच्या उबेला बसून खाल्ली. कितीतरी दिवसांनी मी गरम काही खाल्लं. हे तिला सांगितलं नाही, लगेच म्हणाली असती, बघ, तुझे हाल होतात.

संध्याकाळी खेप संपली, पळीपळीने मीठ उपसून मूस रिकामी केली. घरी परतताना ती पुलावर थांबली. नदीचं पाणी आता कमी झालंय, दगड वर आलेत. म्हणाली, “आई, मला तुला काही...”

मी म्हटलं, “मला न्यायचं असेल तर सुरूच करू नकोस. मी यायची नाही.”

ती माझ्याकडे बघून हसायला लागली. चांगलं हसू नव्हतं. खूप वेळ हसली, मग डोळे पुसले, म्हणाली, “नाही गं. तुला कोण नेणार.”

४ नोव्हेंबर

गेली. सकाळच्या बसने. सुटकेस ड्रायव्हरने टपावर चढवली तेव्हा त्याच्या तोंडून शिवी निघाली. रिकामी सुटकेस एवढी जड कशी, कोण जाणे. तैसियाने तिला काही दिलं असेल, ती निघायच्या आधी सगळं वाटत सुटलीय, पातेली-बितेली. तिचा भाऊ तिला व्होरोनेझला बोलावतोय.

तैसियासुद्धा बसथांब्यावर आली होती. माझ्याशी बोलली नाही.

बस वळणाआड गेल्यावर मी भट्टीवर जाण्याऐवजी घरी आले. का आले समजलं नाही. बाकावरचं अंथरूण तिने नीट घडी करून ठेवलं होतं. मी त्यावर बसले, थोड्या वेळाने उठले.

१९ नोव्हेंबर

माल बिघडतोय. भुकटीत कार्बाइडबरोबर नुसत्या टंगस्टनचे करडे कण येतात. कार्बन कमी पडतोय. कार्बन देणारं कार्बोनेट एकदम टाकलं तर सुरुवातीला उतू जातं आणि शेवटी उरत नाही. थोडं थोडं, सारखं टाकत राहायला हवं. म्हणजे झोप विसरायची.

बर्फ पडलं. आमच्या इमारतीत आता तीन खिडक्या उजळतात. माझी, तैसियाची, आणि वरच्या मजल्यावर म्हातारा बायदायेव, त्याला ऐकू येत नाही म्हणून रेडिओ मोठ्याने लावतो. पूर्वी मी त्याच्या दारावर थापा मारायचे. आता रेडिओ बंद झाला की कान टवकारते.

असियातचा फोन नाही. चिडली असेल. चिडू दे. आईला हलवता आलं नाही म्हणून चिडायचं?

२८ नोव्हेंबर

जमलं! चिमटी-चिमटीने कार्बोनेट टाकत गेले आणि सबंध गोळा एकसारखा आला. नाल्चिकला विद्यापीठात क्ष-किरणाखाली बघून घेतला, तिथल्या एका जुन्या विद्यार्थिनीने. शुद्ध आहे म्हणाली. “बाई, तुम्ही अजून तिथेच? एकट्या?”

“एकटी कसली,” म्हटलं, “मुरादिन आहे.”

तिला वाटलं मी पुन्हा लग्न केलं. अभिनंदन केलं तिने. परत येताना बसमध्ये मला एकटीला हसू येत होतं आणि शेजारची बाई सरकून बसली.

मोठी खेप दहा तारखेला सुरू करायची. चौदाला हसानबी येतो. मुरादिनने मला झोपायला भट्टीशेजारी दरवाज्याची एक फळी टाकून दिलीय.

१० डिसेंबर

सुरू केली. सगळं चांगलं चाललंय. प्रवाह स्थिर. आता मंगळवार काय, गुरुवार काय, मला फक्त पट्टी आणि कार्बोनेट.

१२ डिसेंबर

तैसिया आज गेली. ट्रक खाली उभा आहे असा मुरादिनने निरोप आणला. त्याला म्हटलं, या मीटरच्या सुईवर नजर ठेव, आणि उतारावरून धावत गेले. चोवीस वर्षं एका जिन्यात काढली, तिला असं कसं जाऊ देणार.

सामान चढलं होतं. तैसिया ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर मांजर टोपलीत. मी दार उघडून तिचा हात धरला.

“व्होरोनेझहून पत्र टाक.”

“टाकीन.” मग म्हणाली, “नुर्झान, जाता जाता एक विचारते. असियात राहते कुठे आता? त्या कँटीनमधल्या बाईकडेच का?”

“कसली कँटीन? ती तिच्या घरी राहते.”

तैसियाने माझा हात सोडला.

“सप्टेंबरात तिने नवऱ्याचं घर सोडलं,” ती म्हणाली. “माझ्याशी बोलायची तू जिना उतरून येईपर्यंत. मला वाटलं, तुला माहीत आहे.”

“मला नाही माहीत.”

“खोली विचारत होती तुझ्याकडे. नोकरी विचारत होती. सामान घेऊन आली होती, नुर्झान! मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे आणि तरी तू तिला ठेवून घेतली नाहीस. दीड महिना मी तुझ्याशी धड बोलले नाही त्यापायी.”

ड्रायव्हरने गाडी चालू केली. तैसिया रडत होती, मांजर ओरडत होतं. तिने खिडकी खाली करून ओरडून सांगितलं, “स्टेशनसमोर! रेल्वेची कँटीन!”

मी तिथेच उभी राहिले. चाकांच्या खुणांवर बर्फ पडायला लागलं.

१२ डिसेंबर, नंतर

फाटकावरच्या फोनवरून तिमूरला फोन लावला. तो म्हणाला, “ती सप्टेंबरपासून इथे नाही. मला वाटलं तुमच्याकडेच आहे.” आवाजात जरा लाज होती. का गेली ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

म्हणजे त्याला वाटलं माझ्याकडे, तैसियाला वाटलं मी हाकललं, आणि मला वाटलं मला न्यायला आली.

मागची पानं वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. सर्दी. टपाल कचेरी. सुटकेस. मी एका दाण्यात कार्बन किती कमी आहे ते रंगावरून सांगते, आणि हे सगळं लिहूनसुद्धा मला दिसलं नाही.

परवा हसानबी येणार. खेप उद्या संध्याकाळी पूर्ण होईल. मग गाळणं, धुणं, वाळवणं. परवा दुपारी बरणी त्याच्या हातात दिली की संध्याकाळची गाडी मिळते. दोन दिवसांनी काय बिघडणार आहे. तिने तीन महिने काढलेच की.

हे वाक्य लिहिलं आणि मला माझी किळस आली.

मुरादिनला म्हटलं, “भट्टी बंद कर.”

“काय?”

“बंद कर. मी पट्टी काढतेय.”

“ताई, मूस तडकेल. दुसरी कुठून आणायची? अहो, वितळ ओतून तरी काढू.”

“कशाने ओततोस? मोठे चिमटे उन्हाळ्यात कुणीतरी नेले, आणि पळीपळीने उपसायला रात्र जाईल. बंद कर.”

मी पट्टी आणि प्लॅटिनमची तार वर काढून टांगली. त्याने खटका खाली ओढला. केशरी उजेड आधी तांबडा झाला, मग तपकिरी. वितळावर साय धरली. मी कोट घालत होते तेव्हा पहिला आवाज आला, बारीक, काचेवर नख मारल्यासारखा. मुरादिन म्हणाला, “गेली.”

“जाऊ दे,” म्हटलं. “हसानबी आला तर त्याला पट्टीवरचा गोळा दे. आणि सांग, बाई मुलीकडे गेल्या.”

तो म्हणाला, “बसथांब्यापर्यंत येतो.” वाटेत म्हणाला, “त्या दिवशी मला धरून रडली ती. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, पोरी माहेरी आल्या की रडतात.”

१४ डिसेंबर, रोस्तोव

कँटीन धुराने आणि कोबीच्या वासाने भरलेली. असियात खिडकीमागे सूप वाढत होती, डोक्याला पांढरा रुमाल. मी रांगेत उभी राहिले, कारण सगळे रांगेत होते. माझी पाळी आली. तिने मान वर न करता विचारलं, “ब्रेड एक की दोन?”

“असियात.”

हातातल्या डावातलं सूप काउंटरवर सांडलं. मागचा माणूस म्हणाला, “बाई, आटपा की.”

“गाडी सुटत असेल तर पुढे व्हा,” ती त्याला म्हणाली, आणि मला, “कोण गेलं? मुरादिनकाका?”

“कुणी नाही गेलं. मी आलेय.”

“आणि भट्टी?”

“बंद केली.”

तिचा विश्वास बसला नाही. बाजूच्या जाडजूड बाईला म्हणाली, “नीना, जरा बघशील?” आणि मला भांडी घासायच्या खोलीत घेऊन गेली. तिथे वाफ होती, आम्हाला एकमेकींचे चेहरे नीट दिसत नव्हते. बरंच झालं.

मी म्हटलं, “मला आज... परवा कळलं. तैसियाने सांगितलं.”

“मी सांगायला आले होते.”

“हो.”

“तू म्हणालीस, सुरूच करू नकोस.”

“हो.”

वाटेत आगगाडीत मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. एवढे दोन ‘हो’च निघाले. मग विचारलं, “मारायचा का?”

“नाही. मारायचा नाही. बोलायचा नाही. महिनोन्‌महिने. मी घरात आहे की नाही हे त्याला जेवायच्या वेळी कळायचं.” तिने नळ बंद केला. “आई, तुला माहीत आहे असं घर कसं असतं?”

मला माहीत होतं. ती माझ्याचबद्दल विचारतेय का, हे मी विचारलं नाही.

“चल घरी,” म्हटलं. “पलंग रिकामा करते. आजच निघू.”

“नको.”

“रागावलीस?”

“नाही गं. तेव्हा आले असते, राहिले असते. आता इथे नीना आहे, काम आहे, वसंतात बालवाडीत जागा मिळेल म्हणतात. तिथे येऊन काय करू? तू भट्टीवर, मी स्वयंपाकघरात. दोन वर्षांत मी तुझ्यासारखी होईन. मला कुणाची गरज नाही म्हणत हिंडेन.”

हे तिने माझ्या कोटाच्या बाहीवरचं वितळलेलं बर्फ पुसत सांगितलं.

१७ डिसेंबर, रोस्तोव

नीनाच्या घरी तीन दिवस राहिले. एका खोलीत तिघी. नीना घोरते, पाय चालवते, आणि झोपेत गिऱ्हाइकांवर ओरडते. मला इतकी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

आज असियातबरोबर कँटीनमध्ये बटाटे सोलले. मुकादम बाईने विचारलं, ही कोण? असियात म्हणाली, “माझी आई. रसायनशास्त्रज्ञ आहे.”

“मग सालं एवढी जाड का काढतेय?” मुकादम म्हणाली. सगळ्या हसल्या, असियातसुद्धा. या वेळचं हसू चांगलं होतं.

उद्या परत जाते. राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. फाटकावरचा फोन नंबर तिने हातावर लिहून घेतला.

२० डिसेंबर

मूस तीन ठिकाणी तडकली आहे. मीठ आत दगडासारखं बसलंय, पांढरं, कडेला जरा निळसर.

हसानबी आला होता. मुरादिनने गोळा दिला आणि माझा निरोप शब्द न शब्द सांगितला. हसानबीने म्हणे गोळा हातावर तोलून बघितला, मग म्हणाला, “बरणीभर सांगितली होती, ही तर वाटीभर पण होणार नाही.” पण घेऊन गेला.

बायदायेवला त्याचा पुतण्या येऊन घेऊन गेला. माझ्या गैरहजेरीत. इमारतीत आता एकच खिडकी. जिन्यात पाऊल टाकलं की माझ्याच पावलांचा आवाज वरून खाली येतो. आज मी दोनदा थांबून ऐकलं, कुणी येतंय का म्हणून.

११ जानेवारी १९९९

हसानबीचा निरोप आला. टोकं टिकली, नेहमीच्यापेक्षा जास्त टिकली. पण आता त्यांच्याच कारखान्यात पाळ्या कमी केल्यात, वसंतापर्यंत नवीन काही घ्यायचं नाही. “बाईंना सांगा, भुकटीत दोष नाही.”

दोष नाही. मुरादिनने हे मला दोनदा सांगितलं, जणू मला ऐकू आलं नसावं.

दिवसभर छिन्नीने मीठ फोडलं. तुकडे गरम पाण्यात टाकले की विरघळतात, त्यातून टंगस्टन परत मिळतं. काही वाया गेलं नाही, मूस आणि तीन महिने सोडले तर. फातिमात आणि ल्युबाला मी मनातल्या मनात पुन्हा घरी पाठवून दिलं.

इथून जायचं का, याचा आज प्रथमच खरा विचार केला. कुठे जायचं ते सुचलं नाही. रोस्तोवला त्या खोलीत तिसरी गादी कायमची मावत नाही. आणि तिने बोलावलेलं नाही. मी बोलावल्याशिवाय जाणार नाही, हा मान नाही, तिला मोकळं राहू द्यायचं म्हणून. खरंच. बहुतेक.

३० जानेवारी

मुरादिनला जुन्या कोठारात भुशाखाली एक मूस सापडली, जराशी लहान, पण अखंड. बाळ आणल्यासारखी कोटात गुंडाळून आणली. “आता मोठी बरणी नाही,” म्हणाला, “लहान बरणी भरा.”

“कुणासाठी?”

“मला काय विचारता? मी पहारेकरी.”

असियातचा फोन नाही. मी केलाही नाही. कँटीनचा नंबर आहे, पण कामाच्या वेळी मुकादम रागावते. कामानंतर ती नीनाकडे असते, आणि तिथे फोन नाही.

२० फेब्रुवारी

आज सकाळी नवी मूस भट्टीत ठेवली. खूप हळू तापवत नेतोय, दर टप्प्याला थांबून.

दुपारी मुरादिन पळत आला. “ताई, फोन! रोस्तोव!”

मी फाटकापर्यंत बर्फातून धावले. दम लागला होता.

“आई? घाबरू नकोस, काही झालेलं नाही. सहज केला.”

“सहज?”

“सहज. बालवाडीत घेतलं मला. सोमवारपासून. आणि इथे काल केवढं भांडण झालं, मुकादमने नीनाला... पण तू कामात असशील. भट्टी लावलीस का परत?”

“ते राहू दे,” म्हटलं. “नीनाला काय?”

मग ती सांगायला लागली. मुकादमने नीनावर मटण चोरल्याचा आळ घेतला, नीनाने भर कँटीनमध्ये स्वतःची पिशवी काउंटरवर उलटी केली, आणि पिशवीतून काय निघालं तर मुकादमचेच हरवलेले बूट, दुरुस्त करून आणलेले, तिच्या वाढदिवसासाठी. असियात मुकादमचा आवाज काढून दाखवत होती. लहानपणी ती अशी नकला करायची, मी विसरून गेले होते. मी हसले, मग आणखी विचारलं. बालवाडीत कोणत्या वयाची मुलं आहेत? खोली कशी आहे? तुला जेवायला वेळ मिळेल का? ती प्रत्येकाचं उत्तर देत होती, लांबलचक, आणि मध्येच म्हणाली, “आई, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. पुढे?”

पहाऱ्याच्या खोलीचं दार उघडलं. मुरादिनने डोकं आत घातलं, भुवयांवर बर्फ.

“ताई, आठशेच्या वर गेली. मीठ हललंय. या लवकर.”

मी फोन कानाला तसाच धरला आणि हातानेच त्याला सांगितलं, थांब.